खनिज वाघिणींचा अभ्यास आणि प्रतिकृतिनिर्मिती : इतिहास-संशोधनाचे एक साधन
(विशेष संदर्भ : मुदखेड जंक्शन व निजाम राज्यातील मीटरगेज)

प्रस्तावना :

रेल्वेच्या इतिहासावर मराठीत आजवर जे लेखन झाले, त्यात इंजिने, पूल, बोगदे आणि प्रवासी गाड्या यांना अग्रस्थान मिळाले आहे. मालगाडीची वाघीण मात्र या लेखनात क्वचितच येते. वास्तविक रेल्वेच्या उत्पन्नाचा कणा सुरुवातीपासून मालवाहतूक हाच राहिला असून मालवाहतुकीत दगडी कोळसा, खनिजे आणि खडी यांचा वाटा नेहमीच मोठा होता. इंग्रजीतील 'वॅगन' या शब्दाला मराठी माणसाने 'वाघीण' हे रूप देऊन तो शब्द पूर्णपणे आपलासा केला. परंतु त्या वस्तूचा इतिहास मात्र आपलासा केला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील जंक्शन या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे ही मनमाडपर्यंत जाणारी मीटरगेज रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात खुली झाली आणि मुदखेड या मार्गावर आले. पुढे आदिलाबादकडे जाणारा फाटा निघाल्यामुळे त्याला जंक्शनचे स्वरूप प्राप्त झाले. सुमारे शंभर वर्षे येथून मीटरगेजच्या वाघिणी धावल्या. आज येथे मीटरगेजचा रूळ शिल्लक नाही. इंजिनांपैकी काही संग्रहालयांत पोहोचली, वाघिणी मात्र बहुतांशी भंगारात गेल्या. ज्या वस्तूंवर मराठवाड्याची एक शतकाची अर्थव्यवस्था वाहिली गेली, त्या वस्तू नेमक्या कशा होत्या, हे पुढील पिढीस सांगता येईल काय, हा प्रस्तुत लेखामागील मूळ प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१) ब्रिटिश खनिज वाघिणींच्या रचनेमागील आर्थिक व सामाजिक कारणे स्पष्ट करणे.
२) निजाम राज्यातील मीटरगेजच्या संदर्भात वाघिणीच्या अभ्यासाचे महत्त्व विशद करणे.
३) प्रमाणबद्ध प्रतिकृती ही संशोधनाची पद्धती म्हणून कशी वापरता येईल, हे दाखविणे.
४) महाविद्यालयीन पातळीवर असा अभ्यास कसा हाती घेता येईल, याची दिशा सुचविणे.

ब्रिटिश खनिज वाघिणीची रचना :

ब्रिटनमध्ये कोळसा वाहणाऱ्या बहुसंख्य वाघिणी रेल्वे कंपन्यांच्या मालकीच्या नव्हत्या. खाणमालक, कोळशाचे व्यापारी, गॅस कारखाने यांच्या स्वतःच्या वाघिणी असत व त्यांच्या बाजूंवर मालकाचे नाव ठळक अक्षरांत रंगविलेले असे. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे क्लिअरिंग हाउस या संस्थेने निरनिराळ्या कंपन्यांमधील हिशेबांची व्यवस्था पाहिली आणि पुढे अशा खासगी वाघिणींसाठी प्रमाण मापे ठरवून दिली. त्यांपैकी १९२३ ची मापे विशेष प्रसिद्ध आहेत. चार चाके, लाकडी बांधणी आणि बारा टनांची क्षमता हे या वाघिणीचे सर्वपरिचित रूप होय. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये पाच लाखांहून अधिक खासगी वाघिणी शासनाने एकत्रित वापरासाठी ताब्यात घेतल्या आणि १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर त्या ब्रिटिश रेल्वेकडे आल्या. त्यानंतर सोळा टनी पोलादी वाघीण मोठ्या संख्येने बांधण्यात आली. तिची चौकटीची लांबी १६ फूट ६ इंच आणि दोन आसांमधील अंतर ९ फूट इतके होते.

एवढ्या लहान वाघिणी ब्रिटनने इतका दीर्घकाळ का वापरल्या, हा अर्थशास्त्रातील एक गाजलेला वाद आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १९१५ मध्ये या वाघिणींचे उदाहरण देऊन असे प्रतिपादन केले की, उद्योगीकरणात प्रथम पाऊल टाकणाऱ्या देशाला जुन्या साधनांचे ओझे वाहावे लागते. खाणींवरील चाळण्या, बंदरांवरील धक्के, वळणे, साइडिंगची लांबी हे सर्व लहान वाघिणीच्या मापाने बांधलेले असल्यामुळे एकटी वाघीण बदलणे शक्य नव्हते. याउलट व्हॅन व्ह्लेक यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळी मांडणी केली. ब्रिटनमधील किरकोळ कोळसाव्यापारी एका वेळी थोडाच माल मागवीत. लहान वाघीण त्याच्या गावच्या स्थानकापर्यंत जाई आणि तेथून पुढील खर्चिक रस्तावाहतूक वाचे. म्हणजेच लहान वाघीण हे मागासलेपणाचे लक्षण नसून वितरणव्यवस्थेशी जुळणारा विचारपूर्वक निर्णय होता, असे या मांडणीचे सार आहे.

या वादातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. वाघिणीचा आकार हा केवळ अभियंत्याच्या मर्जीचा विषय नसतो. खाण, बंदर, व्यापारी, मजूर आणि ग्राहक या सर्वांचे परस्परसंबंध त्या आकारात साकार झालेले असतात.

दारे, ब्रेक आणि श्रम :

वाघिणीच्या लहानसहान तपशिलांतूनही हेच दिसते. ज्या वाघिणीला केवळ बाजूची दारे असत, तिच्यातील कोळसा फावड्याने काढला जाई. जिला टोकाला वरून बिजागरीने टांगलेले दार असे, ती बंदरावरील यंत्राने तिरपी करून एका झटक्यात जहाजात रिकामी करता येई. ब्रिटिश रेल्वेच्या पोलादी वाघिणींवर एक तिरपा पांढरा पट्टा असे. टोकाचे दार कोणत्या बाजूला आहे, हे त्या पट्ट्यावरून कामगाराला दुरूनच कळे. तळाला दारे असलेल्या वाघिणी उंच धक्क्यावर नेऊन खालच्या खणात रिकाम्या केल्या जात. म्हणजे दाराची जागा पाहून त्या वाघिणीचा प्रवास कोठे संपत असे, याचा अंदाज बांधता येतो.

टोकाच्या दाराचा संबंध थेट महाराष्ट्राशी येतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हा पश्चिम भारतात जवळपास कोठेही दगडी कोळशाची खाण चालू नव्हती. मुंबईच्या रेल्वेला व गिरण्यांना दीर्घकाळ ब्रिटनहून जहाजाने येणाऱ्या कोळशावर अवलंबून राहावे लागले. वेल्समधील खाणींतून निघालेला कोळसा टोकाच्या दाराच्या वाघिणींतून कार्डिफ, पेनार्थ, बॅरी अशा बंदरांवर पोहोचे. १८८९ मध्ये सुरू झालेल्या एकट्या बॅरी बंदरातून १९१३ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख टन कोळसा जगभर निर्यात झाला. वेल्सच्या दरीतील एका लाकडी वाघिणीचे दार आणि मुंबईतील इंजिनाची भट्टी यांच्यात असा दुवा होता. हा महागडा पुरवठा कमी व्हावा म्हणून भारतातील कोळशाचा शोध सुरू झाला. १८७० च्या दशकात वर्धा-वरोरा रेल्वेमार्ग झाला, तो प्रामुख्याने वरोऱ्याच्या कोळशासाठीच. वरोऱ्याची ही सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली.

ब्रेकच्या दांड्याचेही असेच आहे. जुन्या ब्रिटिश वाघिणींना एकाच बाजूला ब्रेकचा दांडा असे. दुसऱ्या बाजूला असलेल्या कामगाराला चालत्या वाघिणींच्या मधून वा खालून पलीकडे जाण्याचा मोह होई आणि त्यातून भीषण अपघात घडत. १९०० मध्ये रेल्वे कामगारांच्या अपघातप्रतिबंधाचा कायदा संमत झाला आणि त्यानंतरच्या नियमांनी दोन्ही बाजूंनी ब्रेक लावण्याची सोय हळूहळू सक्तीची केली. प्रतिकृती करणाऱ्याने दांडा एका बाजूला लावावयाचा की दोन्ही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर कामगार-कायद्याच्या इतिहासात शोधावे लागते.

निजाम राज्यातील मीटरगेज आणि गेजबदलाचा प्रश्न :

हैदराबाद राज्यातील पहिला रेल्वेमार्ग वाडी ते सिकंदराबाद हा असून तो १८७४ मध्ये ब्रॉडगेजवर सुरू झाला. पुढे सिंगरेणी परिसरातील कोळशामुळे ब्रॉडगेज पूर्वेकडे वाढली व १८८९ मध्ये बेझवाड्यापर्यंत पोहोचली. गोदावरी खोऱ्याचा मार्ग मात्र मीटरगेजवर बांधला गेला. लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत १८७० च्या सुमारास कमी खर्चाच्या मार्गांसाठी मीटरगेजचे धोरण स्वीकारण्यात आले होते. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर मीटरगेजचे १००० मिलिमीटर. बांधकामाचा खर्च यामुळे कमी झाला. परंतु त्याची किंमत दुसऱ्या मार्गाने मोजावी लागली.

मनमाड येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ब्रॉडगेज आणि निजामाची मीटरगेज समोरासमोर येत. दुसऱ्या टोकाला हैदराबाद-सिकंदराबाद येथेही दोन गेज एकत्र येत. ज्या मालाला एका गेजवरून दुसऱ्या गेजवर जावयाचे असे, तो माल तेथे एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. पोती उचलता येतात. कोळसा मात्र पाट्यांनीच वाहावा लागतो. एका पाटीत २५ किलो कोळसा मावतो असे गृहीत धरले, तर दहा टन कोळशासाठी ४०० पाट्या भराव्या व रिकाम्या कराव्या लागतात. गेज हा शब्द अभियांत्रिकीचा असला, तरी त्याचा भार हमालाच्या डोक्यावर होता, हे या साध्या गणितावरून ध्यानात येते.

व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही या मार्गावर अनेक स्थित्यंतरे झाली. निजामाची हमी असलेली कंपनी १९३० मध्ये राज्याच्या मालकीची झाली. हैदराबाद राज्याच्या विलीनीकरणानंतर १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि २००३ मध्ये नांदेड विभाग अस्तित्वात आला. प्रत्येक स्थित्यंतरात वाघिणीवरील मालकीची अक्षरे, क्रमांक व रंग बदलणे ओघानेच आले. यामुळे एखाद्या जुन्या छायाचित्रातील वाघिणीवरची अक्षरे वाचता आली, तर त्या छायाचित्राचा काळ ठरविण्यास मोठी मदत होते.

१९९० च्या दशकात मनमाडकडून आणि २००० नंतरच्या दशकात सिकंदराबाद, आदिलाबाद व अकोला या दिशांनी गेज रूपांतर पूर्ण झाले. आज आदिलाबाद-पिंपळखुटी मार्गे वणी-माजरीच्या कोळसापट्ट्यापासून मुदखेडपर्यंत ब्रॉडगेजची सलगता आहे. प्रदेशाच्या विकासासाठी हे रूपांतर अपरिहार्य होते, यात शंका नाही. परंतु रूपांतरासोबत जुन्या व्यवस्थेचा भौतिक पुरावाही नाहीसा झाला, हेही तितकेच खरे.

पुराव्यांचे स्वरूप व त्यांची चिकित्सा :

वाघिणीच्या अभ्यासासाठी प्रामुख्याने पाच प्रकारचे पुरावे उपलब्ध होतात. ते म्हणजे कारखान्याचे आराखडे, छायाचित्रे, नोंदवह्या, प्रत्यक्ष शिल्लक वस्तू आणि कामगारांच्या आठवणी. यांपैकी कोणताही पुरावा स्वयंपूर्ण नसतो.

आराखडा वाघीण कशी बांधावयाची होती, हे सांगतो. ती तशीच बांधली गेली किंवा दुरुस्तीनंतर तशीच राहिली, हे सांगत नाही. छायाचित्र एका दिवसाचे, एका बाजूचे सत्य सांगते. कारखान्याने काढलेले छायाचित्र बहुधा नव्या कोऱ्या वाघिणीचे असते आणि काही वेळा केवळ छायाचित्रासाठी दिलेल्या करड्या रंगातील असते. रंगाबाबत तर अधिक सावधगिरी बाळगावी लागते. जुन्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटत असे. त्यामुळे छायाचित्रात काळी दिसणारी वाघीण प्रत्यक्षात गेरूच्या रंगाची असू शकते. नोंदवहीत संख्या व क्षमता मिळते, आकार मिळत नाही. कामगाराच्या आठवणीत दार उघडताना होणारा आवाज, कडी अडकण्याची जागा, हात कोठे सापडण्याची भीती असे, हे सर्व असते. पण सन-तारीख क्वचितच अचूक असते.

छायाचित्रावरून माप काढण्याची पद्धत विद्यार्थ्यांना सहज शिकविता येते. छायाचित्रातील एखादे ज्ञात माप, उदाहरणार्थ चाकाचा व्यास किंवा दोन रुळांमधील अंतर, आधार म्हणून घ्यावे आणि त्याच प्रतलातील अज्ञात मापाचे प्रमाण काढावे. वाघीण तिरपी दिसत असल्यास दूरची मापे आखूड दिसतात, याचे भान ठेवावे. एकाच प्रकारच्या वाघिणीची दोन-तीन छायाचित्रे ताडून पाहिल्यास चूक बरीच कमी होते.

आजच्या वाघिणीवर रंगविलेली माहितीही याच दृष्टीने वाचता येते. वाघिणीचे स्वतःचे वजन, वहनक्षमता, नियतकालिक दुरुस्तीची तारीख व कार्यशाळेचे चिन्ह तिच्यावर लिहिलेले असते. भारतीय रेल्वेच्या अकरा अंकी क्रमांकात पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढील दोन मालक रेल्वे, नंतरचे दोन बांधणीचे वर्ष, त्यापुढील चार तिचा स्वतंत्र क्रमांक आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. थोडक्यात, प्रत्येक वाघीण स्वतःचा संक्षिप्त दस्तऐवज अंगावर घेऊन फिरत असते.

प्रतिकृती : खेळणे नव्हे, प्रमाण :

प्रतिकृतीचा पाया प्रमाण हा आहे. जगभर रूढ असलेल्या 'एचओ' पद्धतीत मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग घेतला जातो. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या 'डबल ओ' पद्धतीत एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात. या मापाने सोळा टनी ब्रिटिश वाघीण ६६ मिलिमीटर लांब होते आणि तिच्या आसांमधील अंतर ३६ मिलिमीटर येते. मात्र या दोन्ही पद्धतींत बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचा असतो. ब्रिटनच्या प्रमाण गेजलाही तो 'डबल ओ'मध्ये अरुंद पडतो. योग्य अंतर १८.८३ मिलिमीटर असावयास हवे. भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फुटांची असल्यामुळे त्याच मापाने ती बरोबर २२ मिलिमीटर येते. 'एचओ' मापाने ब्रॉडगेज सुमारे १९.३ मिलिमीटर, तर मीटरगेज सुमारे ११.५ मिलिमीटर होते. म्हणून परदेशी तयार रुळावर भारतीय वाघीण ठेवली की, ती मूळ वस्तूपेक्षा भिन्न दिसू लागते. मनमाड स्थानकाची प्रतिकृती करावयाची झाल्यास दोन्ही गेज खऱ्या प्रमाणात शेजारी ठेवले, तरच १६७६ आणि १००० या आकड्यांमधील तफावत डोळ्यांना कळते.

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप देण्याचे श्रेय पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांना द्यावे लागेल. त्यांच्या प्रयत्नांतून कोथरूड येथे १ एप्रिल १९९८ रोजी छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९५० साली स्थापन झालेल्या हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटीने आराखडे व छायाचित्रे जतन करण्याचे कार्य केले आहे. तेथे छंद म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांनीच खासगी वाघिणींचा इतिहास मोठ्या प्रमाणावर उजेडात आणला, ही बाब भारतीय अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

प्रतिकृती संशोधनाला कशी साहाय्यभूत होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. भारतीय रेल्वेची 'बॉक्स-एन' ही उघडी वाघीण १०,७१३ मिलिमीटर लांब, ३,२०० मिलिमीटर रुंद आणि रुळापासून ३,२२५ मिलिमीटर उंच आहे. 'एचओ' मापाने तिची लांबी १२३, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ३७ मिलिमीटर येते. तिच्याशेजारी एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची आकृती ठेवली, तर ती अवघी १८ मिलिमीटर भरते. माणसाच्या दुप्पट उंचीची ही वाघीण डोक्यावरच्या पाटीने भरण्यासाठी नाही, हे पाहताक्षणीच कळते. ती वरून यंत्राने भरावयाची आणि संपूर्ण उलटी करून रिकामी करावयाची असते. तिच्यात सुमारे ५८ टन कोळसा मावतो. बारा टनी ब्रिटिश वाघिणी त्यासाठी जवळपास पाच लागल्या असत्या. लोहखनिज कोळशापेक्षा कितीतरी जड असल्यामुळे त्याच वजनासाठी कमी उंचीची वाघीण पुरते, म्हणून लोहखनिजासाठी बुटक्या बाजूंची 'बॉय' वाघीण वापरात आली. घनता, श्रम आणि यंत्र यांचे नाते अशा रीतीने टेबलावर मांडून दाखविता येते.

प्रतिकृतीचा याहून मोठा लाभ असा की, ती अज्ञान लपवू देत नाही. लेखात 'उघडी वाघीण' असे दोन शब्द लिहून पुढे जाता येते. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र दार किती, कडी कोणत्या बाजूस, तळ लाकडी की पोलादी, ब्रेकचा दांडा कोठे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. उत्तर नसेल, तर संशोधनातील पोकळी तेथे उघडी पडते. अशा अनिश्चित जागा निराळ्या रंगाने दाखवून सोबत टिपण ठेवणे, हा प्रामाणिक मार्ग होय.

महाविद्यालयीन पातळीवरील उपयोजन :

हा विषय स्वभावतःच आंतरविद्याशाखीय आहे. इतिहास विभागाने निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात. भूगोल विभागाने मुदखेड, पूर्णा, परभणी, मनमाड येथील जुन्या धक्क्यांचे व साइडिंगचे नकाशे तयार करावेत. अर्थशास्त्र व वाणिज्य विभागाने गेजबदलाच्या खर्चाचा विचार करावा. गणित व भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मापे आणि घनफळ काढावे. मराठी विभागाने वाघीण, मालधक्का, सांधेवाला, खलाशी, फाटा या रेल्वेच्या बोलीतील शब्दांचा संग्रह करावा. मराठवाड्यात या बोलीवर दख्खनी उर्दूचा जो संस्कार झाला, त्याची नोंद अन्यत्र मिळणार नाही. प्रतिकृतीसाठी पुठ्ठा, पातळ प्लायवूड व प्लॅस्टिकचे पत्रे पुरेसे आहेत. मोठा निधी ही यातील खरी अडचण नव्हे.

खरी अडचण काळाची आहे. मुदखेड परिसरात मीटरगेजवर प्रत्यक्ष काम केलेली शेवटची पिढी आता वृद्ध झाली आहे. आराखडे कदाचित एखाद्या कपाटात आणखी पन्नास वर्षे टिकतील. परंतु कडी नेमकी कशी अडके आणि धक्क्यावर एका वाघिणीला किती माणसे लागत, हे सांगणारी माणसे तोवर असणार नाहीत.

निष्कर्ष :

१) खनिज वाघिणीचा आकार, दारे व ब्रेक यांवर तत्कालीन व्यापारव्यवस्था, श्रमपद्धती आणि कायदे यांची छाप असते, म्हणून ती इतिहासाचे प्राथमिक साधन ठरते.
२) लहान ब्रिटिश वाघिणींबाबतचा वाद असे दर्शवितो की, तंत्रज्ञानाचे मूल्यमापन त्याच्या आर्थिक परिसरापासून तोडून करता येत नाही.
३) निजाम राज्यातील मीटरगेजने बांधकामाचा खर्च वाचविला, मात्र गेजबदलाच्या स्थानकांवरील श्रमांच्या रूपाने त्याचा भार मजुरांवर पडला.
४) प्रमाणबद्ध प्रतिकृती ही पुराव्यांची परस्परांशी पडताळणी करणारी व अज्ञात बाबी उघड करणारी पद्धती आहे.
५) मुदखेड व परिसरातील मीटरगेजचा भौतिक पुरावा जवळपास संपला असल्याने मौखिक पुरावा जतन करणे ही सर्वांत तातडीची गरज असून, ते कार्य स्थानिक महाविद्यालयेच सर्वाधिक समर्थपणे करू शकतात.